मित्राच्या कॅरी परमिटला माझी साक्ष, आणि कोर्टात गेलेले राज्यांचे बंदूक कायदे

रारिटनकाठ
१२ ऑक्टोबर २०२५

मंडळी,

परवा शुक्रवारी रात्री जेवणं उरकून भांडी आवरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मेल होती, तीही पोलीस खात्याकडून. छातीत धस्स झालं. उघडली तर एका जुन्या मित्राने पिस्तूल सोबत बाळगायच्या परमिटसाठी अर्ज केलाय आणि चार साक्षीदारांत माझं नाव घातलंय. आमच्या न्यू जर्सीत असे चार जण द्यावे लागतात. नात्यातले चालत नाहीत, ओळख किमान तीन वर्षांची हवी. मेलमध्ये लिंक, लिंकमागे प्रश्न. याला किती वर्षं ओळखता, दारू-ड्रग्जचा नाद आहे का, घरात मारहाण होते का, याच्या हातात हत्यार असू नये असं काही तुम्हाला ठाऊक आहे का.

मित्र मूळचा साताऱ्याकडचा. दारूचं दुकान चालवतो. रात्री शटर ओढून दिवसभराची रोकड कापडी पिशवीत घालतो आणि एकटाच पार्किंगपर्यंत जातो. दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत साठेक पावलं असतील. दीड वर्षापूर्वी त्याच साठ पावलांत त्याला दोघांनी गाठलं. पिशवी गेली, कपाळाला सात टाके पडले. इथला कायदा असा की स्वतःच्या दुकानात बंदूक ठेवायला त्याला आधीपासूनच मुभा होती. भरलेली बंदूक घेऊन उंबरठा ओलांडायचा तर मात्र कॅरी परमिट हवं, आणि ते २०२२ पर्यंत सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नसे. तुमच्याच जिवाला नेमका धोका आहे हे सिद्ध करा, अशी अट होती. रात्री रोकड घेऊन जातो, एवढ्यावर भागत नसे.

मग २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची अशीच अट ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. न्यू जर्सीने दुसऱ्याच दिवशी आपली अट काढून घेतली. डिसेंबरात मात्र राज्याने नवा कायदा आणला. परमिट देऊ, पण शाळा, लायब्ररी, दवाखाना, बाग, समुद्रकिनारा, कॅसिनो, दारू मिळणारं हॉटेल, इथे बंदूक नेता येणार नाही. त्यावर गव्हर्नरांची सही झाली त्याच दिवशी लोक कोर्टात गेले. तो खटला अजून चालूच आहे.

फॉर्म मी अजून भरलेला नाही. दोन रात्री निकालपत्रं वाचतोय. मला सगळ्यात टोचतंय ते असं: ब्रुएननंतर राज्याच्या वकिलाने उभं राहून 'या कायद्याने जीव वाचतात' असं कितीही पोटतिडकीने सांगितलं, तरी कोर्ट ते तराजूत घेत नाही. दोनशे वर्षांपूर्वी इथे असाच काही कायदा होता का, ते दाखवा म्हणतं. माझी मुलगी सातवीत आहे. वर्गातले दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव ती पहिलीपासून करतेय. आणि तिच्या शहरातल्या बागेत बंदूक चालेल की नाही, हे अठराव्या शतकातल्या कागदांवरून ठरायचं. हे माझ्या गळी उतरत नाही. पण त्या मित्राच्या कपाळावरचे टाकेही मी पाहिलेत.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसतं 'बंदुका वाईट' किंवा 'हक्क म्हणजे हक्क' असं नको.

---

नागपूर_ते_शिकागो

रारिटनकाठ, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी वकील आहे. बंदुकांचे खटले लढवत नाही, पण घटनेच्या कामात वीस वर्षं गेली. थोडं मुळापासून सांगतो.

राज्याचा कायदा आवडला नाही म्हणून कोणालाही उठून कोर्टात जाता येत नाही. भारतात जनहित याचिका असते, इथे तशी सोय नाही. तुमचं स्वतःचं काही बिघडलं पाहिजे. यासाठी वॉशिंग्टन डीसीचा हेलर खटला नीट पाहा. डीसीत १९७६ पासून नवं पिस्तूल घरात ठेवायलाही बंदी होती. खटला सहा जणांनी घातला. पहिलं नाव एका बाईचं होतं. तिने वस्तीतल्या ड्रग्जवाल्यांशी वैर घेतलं होतं आणि त्यांच्या धमक्या तिला येत होत्या. माणसाला हेलावणारी तिचीच गोष्ट होती. पण अपील कोर्टाने सहापैकी पाच जणांना बाहेर काढलं आणि एकट्या डिक हेलरला ठेवलं. का? तर त्याने पिस्तुलाच्या नोंदणीसाठी रीतसर अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. त्याच्या हातात नकाराचा कागद होता. बाकीच्यांकडे भीती होती, पण कागद नव्हता. हा हेलर दिवसा सरकारी इमारतीत बंदूक लावून पहारा करायचा, आणि घरी पिस्तूल ठेवायला मात्र त्याला मनाई. २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ ने तो जिंकला. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं. त्याच निकालपत्रात न्या. स्कालिया यांनी हेही लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींत बंदी, यांवर आम्ही शंका घेत नाही.

पण डीसी हे राज्य नव्हे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी घटनादुरुस्ती मुळात केंद्र सरकारला बांधणारी. राज्यांना ती लागू झाली २०१० मध्ये, आमच्या शिकागोतून. ओटिस मॅकडोनाल्ड, वय ७६, कृष्णवर्णीय, युनिव्हर्सिटीत मेंटेनन्स इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. घरी शिकारीच्या बंदुका होत्या. पण घर अनेकदा फोडलं गेलं होतं, आणि अंधारात लांब नळीची बंदूक या वयात हाताळवत नाही, म्हणून त्यांना पिस्तूल हवं होतं. शिकागोत १९८२ पासून त्याला बंदी. कोर्टाने चौदाव्या दुरुस्तीतून हा हक्क राज्यांवर आणि शहरांवर बंधनकारक केला. ती दुरुस्ती १८६८ ची, गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांच्या संरक्षणासाठी केलेली. मॅकडोनाल्ड लुइझियानात जन्मलेले, सतराव्या वर्षी शिकागोला आलेले. हे लुइझियाना लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता ब्रुएन. तुमच्या मित्राला आवर्जून सांगा: त्या खटल्यातला एक वादी, रॉबर्ट नॅश, याने आपल्या वस्तीत नुकत्याच झालेल्या लुटालुटीचं कारण देऊन परमिट मागितलं होतं. अर्ज फेटाळला. कारण तेच, वस्तीतल्या सगळ्यांना असलेला धोका म्हणजे तुझा खास धोका नव्हे. न्यूयॉर्कची ती अट १९१३ ची. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांची अटसुद्धा 'परंपरा' म्हणून पुरेशी जुनी ठरली नाही.

---

ह्यूस्टनचा_भाऊ

मी बंदूक बाळगतो, तेरा वर्षं झाली. शांतपणे वाचावं ही विनंती.

आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की एकच सूर लागतो. पण राज्याने 'कारण दाखव' म्हटल्यावर कारण कोणाचं पटायचं? ज्याच्या ओळखी आहेत त्याचं. ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिनमधले गरिबांचे सरकारी खर्चाचे वकीलही होते. त्यांनी कोर्टाला लिहून दिलं की परमिट नसताना बंदूक सापडली म्हणून आमच्याकडे जे अशील येतात ते जवळजवळ सगळे काळे आणि लॅटिनो. यांना परमिट मिळत नाही, आणि नाही म्हणून तुरुंगात यांनीच जायचं. हे लिहिणारे उजव्या विचारांचे लोक नव्हते.

आणि रारिटनकाठ, तुमच्याच राज्यात बर्लिन टाउनशिपमध्ये २०१५ साली एका बाईने माजी प्रियकराच्या भीतीने पिस्तूल विकत घ्यायचा अर्ज केला होता. कायद्याने पोलिसांना तीस दिवसांची मुदत. चाळीस दिवस उलटून गेले तरी कागद हाताशी आला नाही, आणि त्याने तिला घरासमोरच भोसकून मारलं. तिच्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश होता, घराला कॅमेरे होते. सगळं होतं. 'कायद्याने जीव वाचतात' म्हणताना तिचा जीव कुठल्या रकान्यात धरायचा? मी हे भांडायला विचारत नाहीये. मला खरंच उत्तर हवंय.

---

उत्तरकिनारा

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त माझी एक सकाळ आहे.

आम्ही शिकागोजवळच्या हायलँड पार्कच्या शेजारच्या गावात राहतो. ४ जुलै २०२२ ला परेडला निघालो होतो. धाकट्याने बूट घालायला अर्धा तास लावला म्हणून मी त्याला ओरडले. त्या अर्ध्या तासामुळे आम्ही तिथे पोचलो नाही. एका दुकानाच्या छपरावरून एकवीस वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडल्या. सात माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मी तिथून गेले तर रस्त्याच्या कडेने घडीच्या खुर्च्या, बाबागाड्या, पाण्याच्या बाटल्या तशाच पडल्या होत्या.

कोर्टाचा विषय निघालाय म्हणून सांगते. हायलँड पार्कने २०१३ मध्येच अशा अर्धस्वयंचलित 'असॉल्ट' रायफलींना गावात बंदी केली होती. त्या बंदीला एका रहिवाशाने आव्हान दिलं, २०१५ मध्ये अपील कोर्टात गाव जिंकलं, सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाही नकार दिला. म्हणजे कोर्टात टिकलेला कायदा होता आमच्याकडे. पण रायफल गावाबाहेरून आली, कायदेशीर खरेदी करून. गावाच्या वेशीवर कोण अडवणार? म्हणून जानेवारी २०२३ मध्ये राज्यभर बंदी आली. तिलाही लगेच आव्हान. २०२४ च्या नोव्हेंबरात एका जजने ती घटनाबाह्य ठरवली, अपील कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. मी आता निकालांच्या बातम्या हवामानासारख्या रोज बघते.

रारिटनकाठदादा, मला तुमच्या फॉर्मबद्दल बोलायचंय. त्या मुलाला इलिनॉयचं बंदूक ओळखपत्र मिळालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एकवीसच्या आत पालकाची सही लागते. सही वडिलांनी केली. त्याच्या तीनच महिने आधी मुलाने घरच्यांना मारायची धमकी दिली म्हणून पोलीस घरी येऊन सोळा सुऱ्या, एक खंजीर आणि एक तलवार घेऊन गेले होते. तरी सही केली. पुढे वडिलांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, साठ दिवसांची शिक्षा झाली. मुलाला या वर्षी सात जन्मठेपा झाल्या.

तुमचा मित्र तसा नसेल. पण तुम्ही दोन रात्री तो फॉर्म न भरता बसलात ना, मला फार बरं वाटलं. फॉर्म भरायच्या आधी त्याच्या बायकोशी बोला. तो समोर नसताना.

---

डॅलस२०१९

धाग्यावर माहिती चांगली येतेय. एक बाळबोध प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे. ऑफिसातले मित्र शूटिंग रेंजवर चल म्हणतात. टेक्सासमध्ये तर परमिटही लागत नाही म्हणे?

---

नागपूर_ते_शिकागो

डॅलस२०१९, जाऊ नका. टेक्सासचा कायदा काहीही म्हणो, केंद्राच्या कायद्याने एच-वन, एल-वन, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक वा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचं वैध लायसन्स असणं असे मोजके अपवाद आहेत, तेही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेसुद्धा त्यात येऊ शकतं. पकडलं तर गुन्हा वेगळा आणि व्हिसा वेगळा जाईल. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. मॅसॅच्युसेट्सने एकेकाळी ग्रीन कार्डवाल्यांनाही पिस्तूल नाकारलं होतं. दोन रहिवासी कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये फेडरल जजने तो नियम रद्द केला.

उत्तरकिनारा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ उठून गेलो होतो. आता मघाशी अर्धं राहिलेलं पुरं करतो.

इतिहासाची कसोटी दिसते तितकी सोपी नाही, आणि ती कोणालाच सुखाची नाही. हवाईचं उदाहरण घ्या. ब्रुएननंतर तिथे नियम आला की दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप अशा लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेत मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय बंदूक न्यायची नाही. न्यू जर्सीतही असाच नियम केला होता. आता याला जुना दाखला कुठून आणायचा? शोधाशोध करून दोन सापडले. एक तुमच्या न्यू जर्सीचा, १७७१ चा. हरणं आणि इतर शिकार राखण्यासाठी केलेला, परक्याच्या जमिनीत बंदूक घेऊन शिरू नये म्हणून. दुसरा १८६५ चा, लुइझियानाचा. मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या मळ्यावर बंदूक न्यायची नाही.

१८६५, लुइझियाना. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, गुलाम नुकतेच मोकळे झालेले, आणि त्यांना निःशस्त्र ठेवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं एकामागून एक कायदे करत होती. त्याच काळातला, त्याच मुशीतला हा कायदा. अशा कायद्यांना उत्तर म्हणून तर चौदावी दुरुस्ती आली. तिच्याच आधाराने पुढे लुइझियानात जन्मलेले ओटिस मॅकडोनाल्ड जिंकले. आणि आज एक पुरोगामी राज्य लोकांचे जीव वाचावेत म्हणून नियम करतं, तर त्याला आधार म्हणून तोच कागद पुढे करावा लागतो. २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो कागद मान्य केला आणि हवाईचा नियम राखला. रारिटनकाठ, तुमच्याकडच्या अपील कोर्टाने गेल्याच महिन्यात त्याच नियमाबाबत उलटा कौल दिला, मात्र शाळा, दवाखाने, बागा वगैरे बहुतेक संवेदनशील जागांची बंदी ठेवली. दोन अपील कोर्टं दोन बाजूंना गेली की सुप्रीम कोर्टाने प्रकरण घेण्याची शक्यता वाढते. याच ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने हवाईचं प्रकरण सुनावणीसाठी घेतलंय.

रारिटनकाठ, तुम्ही म्हणता ते मलाही टोचतं. माझं मत विचाराल तर कोर्टाने जिवांचा हिशेब पूर्ण बाहेर ठेवायला नको होता. पण एक पाहा. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात हीच कसोटी कोर्टाने स्वतःच थोडी सैल केली. टेक्सासमधला माणूस, जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल त्याच्यावर कोर्टाचा आदेश, त्यामुळे बंदूक ठेवायला बंदी. तो म्हणाला १७९१ मध्ये, म्हणजे दुसरी दुरुस्ती झाली तेव्हा, असा कायदा दाखवा. तंतोतंत तसा नव्हताच, कारण तेव्हा नवऱ्याने बायकोला मारणं हा क्वचितच गुन्हा मानला जाई. तरी ८ विरुद्ध १ ने कोर्टाने बंदी राखली. जुळं भावंड शोधू नका, तत्त्व जुळतं का पाहा, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं. एकटे न्या. थॉमस विरोधात होते, ज्यांनी ब्रुएन लिहिला ते.

---

सॅनडिएगोकर

आमच्याकडचा नमुना. कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे. मार्च २०१९ च्या शेवटी इथल्याच एका फेडरल जजने ती रद्द केली. स्थगिती यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात दुकानांबाहेर रांगा, ऑनलाइन ऑर्डरींचा पाऊस. आमच्या शेजाऱ्याने रात्री दोनला उठून ऑर्डर टाकली होती. त्या आठवड्याला इथले बंदूकवाले अजून 'स्वातंत्र्य सप्ताह' म्हणतात. खटला वर-खाली फिरत राहिला आणि या मार्चमध्ये अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने ७ विरुद्ध ४ ने बंदी राखली. विरोधातल्या एका जजसाहेबांनी आपल्या चेंबरमध्ये पिस्तुलांचे सुटे भाग हाताळून दाखवणारा व्हिडिओच निकालपत्राला जोडला!

आठ वर्षांत त्या एका कायद्याचं इतक्यांदा उलटसुलट झालंय की साधा नियम पाळणाऱ्या माणसाने आज काय कायदेशीर आहे ते कुठे पाहायचं?

---

पौडफाटा

पुण्यातून वाचतोय. आपल्याकडे हा 'हक्क' नाहीच. १९५९ चा शस्त्र कायदा, लायसन्स देणं न देणं प्रशासनाच्या हाती, २०१९ च्या दुरुस्तीने तिनाऐवजी दोनच बंदुका. २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टातच न्यायमूर्ती म्हणाले होते की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. मला एवढंच विचारायचंय, राज्य सरकार हरलं तर खर्च कोणाचा?

---

बेळगावकरीण

पौडफाटा, थोडं अवांतर. आमच्या कर्नाटकात कोडगूतल्या कोडवा लोकांना बंदुकीसाठी लायसन्स लागत नाही, ब्रिटिश काळापासूनची सूट आहे. तिला कोणीतरी हायकोर्टात आव्हान दिलं होतं, की एका समाजालाच सूट का. २०२१ मध्ये कोर्टाने सूट कायम ठेवली. तिकडे लोक 'बंदी का' म्हणून कोर्टात जातात, इकडे 'मोकळीक का' म्हणून गेले. कोडगूत त्या बंदुकीची वर्षातून एकदा पूजा होते, ते मी मैत्रिणीच्या घरी पाहिलंय. पाटावर ठेवून हळद-कुंकू, फुलं. हत्याराकडे बघायची तऱ्हाच वेगळी.

---

नागपूर_ते_शिकागो

पौडफाटा, खर्च करदात्यांचा. घटनेने दिलेला हक्क राज्याने मोडला असं ठरलं तर जिंकणाऱ्याची वकील फी राज्याने द्यायची असा इथला कायदा आहे. हेलर प्रकरणात डीसीला दहा लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. म्हणून या खटल्यांमागे संघटना उभ्या राहतात. वादी म्हणून साधा, स्वच्छ, सहानुभूती वाटेल असा माणूस निवडतात. मॅकडोनाल्ड असेच निवडले गेले. त्यात गैर काही नाही, नागरी हक्कांच्या चळवळीतले वकीलही हेच करत आले.

राज्यंही हुशार असतात. न्यूयॉर्क शहराने आपला एक नियम सुप्रीम कोर्टात पडणार असं दिसताच स्वतःच बदलला, आणि २०२० मध्ये कोर्टाने 'आता वाद उरला नाही' म्हणून प्रकरण काढून टाकलं. या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने असंही ठरवलंय की नुसता तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि मग राज्याने कायदाच मागे घेतला, तर फी मिळणार नाही. ते प्रकरण बंदुकीचं नव्हतं, व्हर्जिनियातल्या ड्रायव्हिंग लायसन्सचं होतं. पण बंदुकीच्या खटल्यांवर त्याचा मोठा परिणाम होणार.

उत्तरकिनारा ताई, रायफलींबद्दल एक. मेरीलँडची अशीच बंदी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला, त्यामुळे ती तूर्त टिकली. पण न्या. कॅव्हानॉ यांनी लिहून ठेवलंय की एक-दोन सत्रांत हा प्रश्न आम्हाला घ्यावा लागेल. तुमची हवामानाची बातमी अजून काही वर्षं चालेल.

---

ह्यूस्टनचा_भाऊ

उत्तरकिनारा ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री बायकोला वाचून दाखवला. तलवार आणि सुऱ्या जप्त झाल्यावरही सही करणाऱ्या बापाची बाजू मी कधीच घेणार नाही. माझ्याकडे कोणी अशी सही मागितली तर मी काय बघेन ते सांगतो. बंदूक तिजोरीत ठेवणार का, तिजोरीचा आकडा कोणाकोणाला माहीत असणार, राग आल्यावर हा माणूस काय करतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी रेंजवर अचूक नेम मारणारे पाहिलेत, ज्यांना ट्रॅफिकमध्ये कोणी आडवं गेलं की थरथर सुटते.

---

रारिटनकाठ
२१ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कसदार मला एका ठिकाणी वाचायला मिळालं नसतं.

ताई, तुमचं ऐकलं. शनिवारी मित्र दुकानात असताना त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. मी सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, टाके पडले त्या रात्रीपासून हे अकराला फोन करतात, शटर ओढलं म्हणून, आणि गाडीत बसले की परत करतात. मधली चार मिनिटं मी देवासमोर उभी असते. पण बंदूक घरात आली की चोवीस तास उभी राहीन." मारहाण, दारू, असलं काही नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी हात उगारला नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याचीच त्यांना काळजी.

मी त्यांना सांगितलं की न्यू जर्सीत २०१९ पासून अशी सोय आहे, घरातल्या माणसाला धोका वाटला तर कोर्टात अर्ज करून बंदूक काढून घेता येते. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि कागद पोळपाटाखाली ठेवला.

रात्री मित्राकडे दुकानात गेलो. भाऊंनी लिहिलेले तिन्ही प्रश्न विचारले. तिजोरी तो दुकानातच ठेवणार, ऑफिसच्या खोलीत, जमिनीत बोल्ट मारून. बंदूक घरी न्यायची नाही, असं माझ्यासमोर कबूल केलं. मी म्हटलं, मग गाडीपर्यंतची साठ पावलं? गाडीत बसल्यावर बंदूक कुठे? त्याने विचार केलाच नव्हता. खरं सांगायचं तर त्याने कोर्टाचा निकाल ऐकला, अर्ज केला, आणि बंदूक हातात आल्यानंतरचा प्रत्येक दिवस कसा जाईल हे डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे राहिलो. तिथला दिवा गेलेला आहे. आठ महिने झाले म्हणाला, मालकाला दोनदा सांगून झालं.

सोमवारी सकाळी मी आणि तो मिळून जागेच्या मालकाला लेखी पत्र दिलं, प्रत टाउनशिपला. रोकड आता रोज दुपारी चारला, उजेडात बँकेत जाते. परमिटचा अर्ज त्याने मागे घेतलेला नाही, आणि घ्यावा असं मी म्हटलंही नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि तो मिळवायला लोक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेत, हे मी या धाग्यावरच शिकलो. कसोटीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. बागेत बंदूक चालेल का, हे ठरवताना त्या बागेत आज खेळणाऱ्या पोरांना मोजलंच पाहिजे.

फॉर्म काल रात्री भरला. ओळख: एकोणीस वर्षं. व्यसन: नाही. घरात मारहाण: नाही, पत्नीशी बोलून खात्री केली. आणखी काही सांगायचं असल्यास एक रिकामा चौकोन होता. तिथे लिहिलं की घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे, तिजोरी दुकानात बसवायची असं ठरलंय, मुलाखतीत त्याबद्दल जरूर विचारा. मग पाठवला.